आधी खैरियत

लायबाची दहावी झाली आणि नांदेडला जीशानच्या घरी जुळ्या पोरी जन्मल्या, त्या वर्षी खाजा वेल्डर लातुरात इंग्रजीच्या क्लासला जाऊन बसला. लायबा ही त्याची मुलगी, जीशान धाकटा भाऊ. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती आणि खाजाच्या दाढीत दोन्ही बाजूंनी पांढरं उतरलं होतं.

"चाचा, हे पत्र तुमीच लिहिलंय न्हवं?" वर्षाराणी मॅडमने कागद वर धरला.

"हाव, मॅडम."

"मग ऐका रे सगळे. प्रश्न काय हुता? भाड्याच्या घरातला पाणी तापवायचा बंब गळून राहिलाय. घरमालकाला पत्र लिहा. काय बिघडलं, तुमची अडचण काय, अन् त्यानं काय करावं, हे तीन मुद्दे. शब्द दीडशे. बरुबर?"

बाकांवरची विशीतली पोरं माना हलवत होती. खाजा शेवटच्या बाकावर, गुडघे अडकवून बसला होता. पहिल्या दिवशी तो आत आला तेव्हा एका पोराने उठून त्याला सांगितलं होतं, "पालकांची मीटिंग खालच्या मजल्यावर हाय, काका."

मॅडमने त्याचं इंग्रजी पत्र वाचायला घेतलं आणि प्रत्येक वाक्याचा मराठीत अर्थ सांगू लागली. आदरणीय महोदय, आपणांस सलाम. आपण आणि आपले कुटुंब सुखरूप असाल अशी आशा करतो. आपल्या मातोश्रींच्या गुडघ्यांचे दुखणे आता कसे आहे? थंडीत त्यांना जपावे. आपला मुलगा परीक्षेत पास झाल्याचे ऐकून आनंद झाला.

पोरं तोंडावर हात धरून हसायला लागली.

"नव्वद शब्द झाले. बंब अजून आलाच न्हाई," मॅडम म्हणाली. "आता शेवट ऐका. बंब थोडासा गळतो, पण आपण काळजी करू नये. मी स्वतः वेल्डिंग करून घेईन."

क्लासचं छत उडायचं राहिलं. खाजाही हसला. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "पण मॅडम, खरंच करून घेईन की. तेवढ्यासाठी मालकाला कशाला बोलवायचं?"

"चाचा, तिथं बंब न्हाई, मालक न्हाई, मालकाची आई बी न्हाई. फकस्त परीक्षा हाय. तुमी गुडघ्यावर नव्वद शब्द घालवले अन् मागायचं तेच मागितलं न्हाई. म्हणून साडेपाच."

साडेपाच. ह्या आकड्याने खाजाचं डोकं उठवलं होतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे परीक्षेचे चार भाग, आणि ऑस्ट्रेलियाच्या अर्जाला चारही भागांत, एकाच बैठकीत, किमान सहा लागत होते. पहिल्या वेळी त्याला लिहिण्यात पाच मिळाले, दुसऱ्या वेळी साडेपाच. बाकी तिन्हीकडे सहा किंवा साडेसहा. आखातात सहा वर्षं फिलिपिनो आणि केरळी फोरमनच्या हाताखाली काढल्याने ऐकायला-बोलायला तो कुणाला हार जाणारा नव्हता. वाचन लायबाने करून घेतलं होतं. तिचा स्वतःचा डॉक्टरकीच्या प्रवेशाचा क्लास सकाळी सहाला भरायचा. तो सुटला की बापाचा धडा घ्यायची आणि चुकलं की "अब्बा, फिरसे" म्हणून टेबलावर पट्टी आपटायची. अडत होतं ते लिहिण्यात, आणि लिहिण्यातही त्या पत्रात.

बाकी सगळे कागद तयार होते. आयटीआयचा सोबती रेवणप्पा बारा वर्षांपूर्वी तिकडे गेला होता. धान्याच्या पोलादी कोठ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तो फोरमन होता. त्याच्या मालकाने खाजाच्या कामाचे फोटो बघितले आणि नोकरीचं पत्र धाडून दिलं. कायमचं बोलावणं होतं, बायको-मुलीसकट. हुनराची परीक्षाही होऊन गेली होती. हैदराबादला एका शेडमध्ये त्याच्याकडून पाइपाचा सांधा मारून घेतला होता आणि त्या सांध्याचा एक्स-रे काढला होता. ती फिल्म खाजाने मागून आणली होती. खिडकीकडे धरली की सांधा सलग पांढरट पट्ट्यासारखा दिसायचा. एक काळा ठिपका नाही, एक बुडबुडा नाही. सादिया, त्याची बायको, ती फिल्म कुराणाच्या शेजारी फडताळात ठेवायची.

रेवणप्पाचा आवाज फोनवर आठवड्याला एकदा यायचा. "खाज्या, मालक रोज इचारतोय. तुझ्या हातचा सांधा बघून येडा झालाय त्यो. ते सहा तेवढं आण की रे! इथं माझ्या हाताखालचं पोरगं हाय, त्याला धड रॉड धरता येत न्हाई, पर त्याला आठ हायेत."

आठ वर्षाराणी मॅडमलाही होते. जळकोटकडच्या अण्णारावांची ही एकुलती मुलगी. ही परीक्षा पहिल्याच फटक्यात आठाने काढून ती लातुरातच राहिली, कारण अण्णाराव दम्याने आजारी होते आणि त्यांना सोडून तिला कुठे जायचं नव्हतं. आठ मिळालेली इथे फळ्यासमोर उभी होती आणि ज्याला जायचं होतं तो शेवटच्या बाकावर साडेपाच घेऊन बसला होता. खाजाला कधी कधी हे आठवलं की हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळायचं नाही.

आणि वेळ थोडा होता. पंचेचाळीस पुरी व्हायच्या आत अर्ज आत पडायला हवा होता, आणि कागदावर खाजाची पंचेचाळीस येत्या एक जूनला पुरी होत होती. खरी नाही, कागदावरची. त्याची आई बेगमबी सांगायची की तो झाला तेव्हा मोहरमच्या सवाऱ्या उठल्या होत्या आणि इतकी थंडी होती की दाईने चुलीपुढून हलायला नकार दिला. पण नांदेडच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारपूस न करता एक जून टाकली. सगळ्यांचीच टाकत. त्याच्या वर्गातल्या बत्तीस पोरांपैकी एकोणीस जणांचा वाढदिवस एकाच दिवशी. मास्तरांनी त्याचे सात-आठ महिने असेच खाऊन टाकले होते. तारीख बदलून मिळते का बघायला खाजा अम्माला घेऊन शाळेत गेला होता. अम्माने कारकुनाला मोहरम, सवाऱ्या, दाई, चूल, सगळं साग्रसंगीत सांगितलं. कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अम्मा, सगळं पटलं. पण मोहरम आमच्या रजिस्टरात बसत नाही."

तर घोडं अडलं होतं त्या पत्रापाशी.

मॅडमने त्या दिवशी क्लास सुटल्यावर त्याला थांबवून घेतलं. "चाचा, राग मानू नका. तुमचं इंग्रजी चांगलं हाय. मग हे पहिलं पान भरून खुशाली कशाला? कुणी शिकवलं हे?"

खाजा म्हणाला, "सवय हाय," आणि जिना उतरून गेला.

शिकवलं होतं दोघींनी. पहिली अम्मा. बेगमबीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिचा नियम पक्का होता: खत असो की फोन, आधी खैरियत. काम कितीही घाईचं असलं तरी समोरचा माणूस कसा आहे, जेवला का, हे विचारल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. खाजा रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत नांदेडला फोन लावायचा. "सलाम अम्मा, तबियत कैसी है? खाना खाया? गोळी घेतली का?" मग जीशान, त्याची बायको, जुळ्या पोरी, शेजारची साखराबाई, तिची शेळी. हे सगळं ओळीने झालं की अम्मा म्हणायची, "हौ, अब बोल बेटा." बहुतेक वेळा त्यापुढे बोलायला काही नसायचं.

जीशान मात्र ह्या बाबतीत अगदी उलटा. फोन उचलला की, "भाई, मोटर जल गई, किसको दिखाऊं?" सलाम नाही, काही नाही. अम्मा त्याला म्हणायची, "इसकू तमीज नक्को, सीधा काम की बात." खाजाला आता वाटायचं, ह्या परीक्षेला जीशान बसला असता तर पहिल्याच फटक्यात सहा मारून आला असता.

दुसरी शिकवणारी होती धोंडाबाई.

भूकंप झाला तेव्हा खाजा एकोणीस वर्षांचा होता, नुकताच आयटीआयमधून सुटलेला. त्याचा उस्ताद पत्र्याची शेडं उभारायच्या कामावर निघाला, त्याच्याबरोबर तोही गेला. त्या कामासाठी नांदेड सोडलं ते सोडलंच. पुढे लातूरलाच राहिला. दिवसभर अँगल जोडायचे आणि दुपारच्या सुट्टीत लोकांची पत्रं आणि अर्ज लिहून द्यायचे, कारण त्या रांगेत दहावी पास आणि हातात पेन असलेला तोच होता. एके दुपारी धोंडाबाई नावाची म्हातारी त्याच्यापुढे येऊन बसली. तिचा मुलगा रामलिंग फौजेत होता, लांब आसामात.

"लिही बाबा," ती म्हणाली. "चिरंजीव रामलिंगास आशीर्वाद. इकडं आमी खुशाल हाव. तुजी खुशाली कळव. म्हशीला रेडी झाली."

खाजाचं पेन थांबलं. त्या म्हातारीच्या घरातली किती माणसं गेली ते अख्ख्या शेडाला माहीत होतं. "आजी, खुशाल कसं लिहू?"

"तू लिही."

"पर आजी..."

"अरं, त्यो लांब हाय. एकटाच वाचंल. लिफाफा फोडल्या फोडल्या मारू का त्याला?" ती म्हणाली. "आदी बूड टेकवू दे त्याला कुठं तरी. मग सांगू."

पानभर खुशाली झाली. म्हैस, रेडी, मिळालेली ब्लँकेटं, सरकारी डाळ. मग पान उलटायला लावून तिने तीन नावं सांगितली. त्याच्या बापाचं, बायकोचं आणि दोन वर्षांच्या पोराचं. तिसरं नाव तिने पहिल्या दोन नावांसारखंच सांगितलं आणि लिफाफा पुढे केला.

त्या दिवसानंतर खाजाला पत्र दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने लिहिताच येत नव्हतं. हे मॅडमला कसं सांगायचं? आणि सांगून गुण थोडेच वाढणार होते?

मार्चमध्ये तो तिसऱ्यांदा बसला. ह्या वेळी त्याने खुशाली दोन ओळींतच आवरली होती. निकाल आला. लिहिण्यात साडेपाच.

तो कागद घेऊन क्लासमध्ये आला तेव्हा मॅडम फळा पुसत होती. खाजाने कागद टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"मॅडम, माझा सांधा फेल गेला तर मला एक्स-रे दाखवतात. हितं बुडबुडा राहिला, हितं भेग हाय, खरवडून परत मार. मी खरवडतो, परत मारतो. हे काय हाय? साडेपाच! कुठं फेल? कुठल्या ओळीत? कुणी तपासलं? त्या माणसाला भेटायचं हाय मला. मारायला न्हाई, फकस्त इचारायला. भाऊ, कुठं खरवडू सांग!"

"चाचा, बसा."

"बसून काय करू? पाव इंचाच्या पत्र्याला नुसता हात लावून मी सांगतो आत काय हाय. अन् त्यो साहेब माझं अख्खं आयुष्य अर्ध्या आकड्यावर टांगून ठेवतो. तिकडं मी काय पत्रं लिहायला चाललो का? कोठ्या जोडायला चाललो!"

मॅडमने त्याला पाणी दिलं. मग ती म्हणाली, "मे महिन्यात एक शेवटची तारीख हाय. निकाल एक जूनच्या आत येतोय. तुमी बसणार का?"

"बसणार."

"मग मी सांगते तसं करायचं. पत्रातली खुशाली जात न्हाई कारण ती तुमच्या जिभेवर हाय. आजपासनं परीक्षेपर्यंत कुणालाच खुशाली इचारायची न्हाई. फोन लावला की पहिलं वाक्य कामाचं. दुकानात, मिलमध्ये, घरी. सवय मोडल्याबिगर हात मोकळा होणार न्हाई."

"अम्मालाबी?"

मॅडमने डस्टर खाली ठेवलं. "अम्मा सोडून," ती म्हणाली.

खाजाने ते मनावर घेतलं. जिथली वेल्डिंगची कामं तो करायचा त्या डाळमिलच्या मालकाच्या केबिनमध्ये जाऊन त्याने उभ्या उभ्या सांगितलं, "हॉपरचा पत्रा गेलाय. बदलावा लागेल. चार दिवस मिल बंद ठेवा." वीस वर्षांत हा माणूस आधी शेठच्या शुगरची चौकशी केल्याशिवाय बोलला नव्हता. शेठ चष्मा काढून त्याच्याकडे बघत राहिला. "खाजाभाई, घरी काही झालंय का?" त्याने विचारलं. सादियाला तो संध्याकाळी दारातूनच म्हणायचा, "चहा." तिसऱ्या दिवशी तिने कप आदळला. "ऑस्ट्रेलियाला गेल्यावर असंच बोलणार असाल तर एकटेच जावा."

रोज एक पत्र तो लिहायचा. पंखा बिघडला, बदलून द्या. पार्सल फुटून आलं, पैसे परत करा. शेजारी रात्री ढोल वाजवतो, बंद करायला सांगा. लायबा घड्याळ लावून बसायची आणि खुशालीचा एक शब्द दिसला तरी त्यावर लाल रेघ मारायची. हळूहळू लाल रेघा कमी झाल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात मॅडमने त्याचं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "चाचा, हे सहाचं हाय. आता फकस्त तिथं जाऊन असंच लिहा."

परीक्षा हैदराबादला, शनिवारी. रमजानचा पहिला आठवडा होता. खाजा आदल्या दिवशी एसटीने गेला, एका मशिदीत राहिला, पहाटे सहेरीला दोन केळी खाल्ली आणि सकाळी सातला केंद्राच्या दारात उभा राहिला. आत फोन नेता येत नव्हता. रांग पुढे सरकत होती आणि पहारेकरी प्रत्येकाचा फोन पिशवीत घालून नंबर लावत होता. खाजाने घाईने नांदेडला फोन लावला. अम्माने उचलला.

"अम्मा, अंदर जा रहा हूं. दुआ करो."

"हौ बेटा. मैं क्या बोल री थी..."

"बाद में, अम्मा," खाजा म्हणाला आणि फोन पिशवीत टाकला.

पहिला भाग ऐकण्याचा होता. कानांवर यंत्र लावून बसायचं. आतला आवाज एकदाच बोलतो, दुसऱ्यांदा नाही. ऐकता ऐकता उत्तरं लिहायची. खाजाला ह्या भागाची कधीच धास्ती नव्हती. एक म्हातारी बाई दवाखान्यात फोन करून डॉक्टरांची वेळ मागत होती. फोन घेणाऱ्या मुलीने तिला आधी विचारलं, आज तुम्ही कशा आहात? म्हातारी म्हणाली, तशी बरी आहे.

खाजाच्या हातातली पेन्सिल थांबली.

आपण अम्माची तब्येत विचारली नाही.

पन्नास दिवस मोडत आणलेली सवय शेवटी मोडली होती, आणि नको तिथे मोडली होती. अम्मा काहीतरी सांगत होती. काय सांगत होती? आवाज कसा होता? बारीक होता का? त्याने आठवायचा प्रयत्न केला आणि तेवढ्यात त्या म्हातारीने आपला पत्ता सांगून टाकला, वार सांगून टाकला, औषधाचं नाव सांगून टाकलं. खाजा भानावर आला तेव्हा कागदावर तीन रेघा कोऱ्या होत्या आणि यंत्रातला आवाज पुढच्या प्रश्नांवर गेला होता. तो धावत त्याच्या मागे लागला, पण एकदा दम तुटला की पुढेही एखाद-दुसरं निसटतंच.

लिहिण्याच्या भागात पत्र होतं. दुकानातून घेतलेली इस्त्री पहिल्याच दिवशी जळाली, दुकानदाराला लिहा. खाजाने लिहिलं. इस्त्री कधी घेतली, काय झालं, काय नुकसान झालं. आठ दिवसांत पैसे परत करा, नाहीतर मी ग्राहक मंचात तक्रार करीन. सलाम नाही, मातोश्री नाहीत, कुणाचे गुडघे नाहीत. लिहून झाल्यावर ओळखीच्या माणसाच्या मुस्काटात मारल्यासारखं वाटलं त्याला. पण पत्र सहाचं होतं.

बाहेर येऊन त्याने आधी फोन सोडवून घेतला.

"अम्मा, तबियत कैसी है?"

"अच्छी है बेटा. रोजा है ना तेरा? धूप में मत फिर."

"सकाळी काय सांगत होता तुम्ही?"

अम्माने थोडा विचार केला. "क्या कि... याद नहीं आ रा. कुछ नहीं होंगा."

तेरा दिवसांनी, शुक्रवारी, निकाल आला. मॅडमने कॉम्प्युटर उघडला. खाजा टेबलाची कड धरून उभा होता. मागे पोरांनी घोळका केला होता.

"चाचा! लिहिण्यात सहा!"

पोरांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. मॅडमचं बोट पडद्यावर खाली सरकलं आणि तिथेच राहिलं. टाळ्या एकेक करून थांबल्या.

"ऐकण्यात साडेपाच," ती म्हणाली. आणि मग, जणू तिचाच गुन्हा असावा तशी, "चाचा, हे कसं झालं? ऐकण्यात तुमी कधी साडेसहाच्या खाली आला न्हाईत. काय कळंना. कुठं चुकलं ते हे लोक सांगत बी न्हाईत."

"मला ठाव हाय," खाजा म्हणाला.

ह्या एका खेपेला त्याला एक्स-रे दिसत होता. बुडबुडा कुठे राहिला, कसा राहिला, सगळं दिसत होतं. पण खरवडून परत मारायला तारीख उरली नव्हती. एक जूनला आठ दिवस होते. मॅडमने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि पडदा बंद केला.

रेवणप्पाला त्याने फोनवर कळवलं. मग रेवणप्पाने एक कचकचीत शिवी घातली, ती कुणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. सादियाने एक्स-रेची फिल्म फडताळातून काढली, पुसली आणि परत होती तिथेच ठेवली.

दुपारी त्याने नांदेडला फोन लावला.

"सलाम अम्मा. तबियत कैसी है? रोजा ठीक जा रहा? गोळी सहेरीला घेता ना? जीशान? पोरी काय म्हणतात? साखराबाई बरी आहे? तिची शेळी व्याली का? कूलर चालतोय का? पाणी येतंय का नळाला?"

अम्मा एकेकाचं उत्तर देत गेली. कूलर आणि नळापर्यंत आल्यावर थांबली.

"इतना पूछ रा," ती म्हणाली. "मतलब नहीं हुआ ना?"

"नहीं हुआ, अम्मा."

"जाने दे. ईद कू आ, शीरखुर्मा खा. तेरे हात किदर जा रे? हात तो तेरे पासिच हैं."

सोमवारी खाजा क्लासच्या गल्लीत कामावर होता. डॉक्टरकीच्या परीक्षेचा निकाल थोड्याच दिवसांत लागणार होता आणि सगळ्या क्लासवाल्यांना फलकांच्या लोखंडी चौकटी निकालाआधी उभ्या हव्या होत्या. गुणवंत पोरांचे फोटो नंतर येणार, चौकटी आधी. शहरातल्या निम्म्या चौकटी खाजाच्या हातच्या होत्या. वीस-वीस फुटांच्या त्या रिकाम्या चौकटींतून पलीकडचं पांढरं आभाळ दिसत होतं. ऊन असं होतं की लोखंडाला हात लावता येत नव्हता, आणि त्यात रोजा. तो शिडीवर उभा राहून कोपऱ्याचा शेवटचा सांधा मारत होता, तेव्हा खिशातला फोन वाजला. जीशान होता.

"बोल, क्या जल गया?" खाजा म्हणाला.

"सलाम, भाई," जीशान म्हणाला. "कैसे हो?"

खाजाने तोंडावरची काच वर केली.

"ठीक हूं."

"रोजा है ना? धूप बहोत होंगी उदर."

"हौ. है."

"भाभी कैसी है? लायबा की पढाई?"

"अच्छी चल री."

खाजा शिडीवरून एकेक पायरी खाली उतरला. रॉडची पकड त्याने जमिनीवर ठेवली, मशीन बंद केलं. त्याने भावाला घाई केली नाही. जीशानला आणखी विचारायचं होतं ते विचारू दिलं. काम कसं चाललंय, पाणी येतंय का, कमरेचं दुखणं कसं आहे. प्रत्येकाचं उत्तर दिलं. मग त्यानेही विचारलं, "पोरी कशा आहेत?"

"अच्छे हैं, भाई."

मग दोघांकडचंही विचारायचं संपलं.

"भाई," जीशान म्हणाला, "बैठे हो क्या?"

खाजाने आजूबाजूला बघितलं आणि अँगलच्या ढिगावर, तापलेल्या लोखंडावर, बसला.

"हौ," तो म्हणाला. "बैठा हूं. बोल."

बेगमबी सोमवारी, २७ मे २०१९ रोजी, दुपारी तीनच्या सुमारास नांदेडला घरीच वारल्या.